आग्नेल आणि बॅप्टिस्टची राजेळी

सांडोर गावचा आग्नेल पोस्टातून निवृत्त झाला आणि केळीच्या वाडीत रमला. आपली राजेळी केळी शेजारच्या बॅप्टिस्टच्या केळ्यांपेक्षा लांब आहेत, असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. २००३ च्या मे महिन्यात बॅप्टिस्टने विचारलं, "मोजलीस का कधी?" आग्नेल इरेला पेटला.

दोघांच्या वाडीतली शंभर-शंभर केळी मोजायचं ठरलं. केळं वाकडं, आतून मोजायचं की बाहेरून, यावरच अर्धी सकाळ गेली. शेवटी आग्नेलची बायको सालोमी शिवणाची टेप घेऊन आली आणि तिने सगळी बाहेरून मोजून टाकली.

मुलगी मेलिसा कॉलेजात सांख्यिकी शिकत होती. तिने घरच्या कॉम्प्युटरवर आकडे भरले आणि किती लांबीची किती केळी ते खांबांनी दाखवणारे दोन आलेख, हिस्टोग्राम, काढले. दोन्हींचे खांब सारखेच, मधोमध उंच.

"म्हणजे बरोबरी?" आग्नेलचा चेहरा पडला.

"नाही पप्पा, खालचे लांबीचे आकडे बघा. सॉफ्टवेअरने प्रत्येकाला वेगळी पट्टी दिलीय. थांबा, दोघांना एकच पट्टी देते."

तिने दोन्ही चित्रं एकाखाली एक लावली. वरचे आग्नेलचे खांब जागेवर राहिले. बॅप्टिस्टचे सगळेच्या सगळे उजवीकडे सरकले. दोन सेंटिमीटर तरी लांब!

आग्नेलने खालचे आकडे पुन्हा एकदा वाचले. मग हळूच म्हणाला, "आधीचंच छाप ना. ते सुंदर दिसत होतं."

"पप्पा!"

शेवटी खरा कागद घेऊन तो बॅप्टिस्टच्या ओट्यावर गेला. बॅप्टिस्टने कागद निरखला आणि खिन्न होऊन म्हणाला, "वर तू, खाली मी. समजलं. हरलो."

इथे गप्प बसलं असतं तर भागलं असतं. पण आग्नेलला राहवेना. "अरे, वर-खाली बघायचं नाही, डावं-उजवं बघ!"

"उगाच माझं मन राखू नकोस."

बॅप्टिस्ट जिंकलाय हे त्याला पटवण्यात आग्नेलचा तासभर गेला. दोनदा तर तो चिडून ओरडला, "मी हरलोय रे, ऐक ना!" रस्त्याने जाणारे थांबून बघायला लागले.

"मग तसं लिहून दे," बॅप्टिस्ट म्हणाला.

आग्नेलने कागदाच्या पाठीवर लिहून दिलं, खाली सही केली, आणि लगेच लागवडीला चार कोंब मागितले. बॅप्टिस्टने खुशीत सहा दिले. खत कोणतं घालतो, ते मात्र सांगितलं नाही.