पाटीखालचा कडुलिंब

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. राहू गावाला मी नवा ग्रामसेवक. अंगात नुसती रग. शाळेपुढच्या रस्त्याला कडुलिंबाची रोपं लावली आणि ज्याच्या दारासमोर झाड, त्यानं ते सांभाळायचं असं ठरवून दिलं. दर बुधवारी सायकलवरून यायचो आणि आळं कसं करायचं, बाभळीच्या काट्या कशा रोवायच्या, फुटव्यांतला कुठला ठेवायचा, हे शिकवायचो.

"आमी जलमभर ऊस लावला, आन् ह्यो आमास्नी पानी घालाय शिकिवतोय!" म्हणून म्हातारे हसायचे. सरकारी झाडाला कोण पाणी घालतो? मनावर घेतलं ते एकट्या चाचीनं. मुसलमानाच्या घरची ही पन्नाशीची विधवा, सगळं गाव तिला चाचीच म्हणे. दोन उन्हाळे तिनं नदीवरून डोक्यावर हंडा आणून झाड पुरुषभर वाढवलं.

आणि एका बैलगाडीचा आख लागून खोड उभं चिरलं.

मला तर शिकवायला आयतंच सापडलं! लोक जमवले, करवत काढली. "ऊस तोडल्यावर बुडख्यातून खोडवा फुटतो ना? तसंच हे." चाची आडवी आली. "भाऊसायब, नगा कापू. हंडं वाहून वाहून माजं टाळकं सोलून निघालंय." मी ऐकलं नाही. वीतभर बुंधा ठेवून बाकीचं उडवलं, वर शेण लिंपलं.

पुढच्या बुधवारी बुंध्यावर बांबूची पाटी पालथी, तिच्यावर धोंडा. चाची मला बघून आत गेली. पुन्हा बुधवार, पुन्हा पाटी. उचलून बघायची माझी छाती होईना. मेलं असेल तर तिचे दोन उन्हाळे मी मातीत घातले, आणि गावात माझं कोण ऐकणार? पारावरून हाळी यायची, "काय भाऊसायब, खोडवा फुटला का?" जेवण गोड लागेना.

पाचव्या बुधवारी सायकलला नवं रोप बांधून गेलो. चारचौघांत म्हणालो, "चाची, माझं चुकलं."

तिनं मला खालवर न्याहाळलं. "करवत आनलीया?"

"नाही."

"पिशवी दावा."

पिशवी उलटी केली. चार कागद आणि भाकरी. मग तिनं धोंडा सरकवून पाटी उचलली. तांबूस, लुसलुशीत चार फुटवे!

"पंधरा दिस झालं फुटून. रोज उनाला उघडती, तुमी यायच्या वक्ताला झाकती. तुमचा भरवसा न्हाई. परत शिकवायची हुक्की आली म्हंजी?"

पारावरची माणसं खदखदून हसली. मीही हसलो, आणि डोळ्यांतून पाणी आलं. महिनाभराचं ओझं उतरलं होतं. चारांतला एकच फुटवा ठेवायचा, हा पुढचा धडा मात्र मी मुकाट्यानं गिळला.

चाची घरात जाऊन विळा घेऊन आली.

"जोमाचा एक ठिवायचा, बाकी काडायचं, तुमीच सांगितलं हुतं न्हवं?" ती बुंध्याशी बसली आणि कडेचा हंडा माझ्याकडं सरकवला. "तुमी निस्तं पानी घाला."