सोमीचा हरवलेला पक्षी

खालापूरकडच्या डोंगरातल्या एका वाडीत सोमी राहते. वय साठीचं. शेवळं, करटोली अशा रानभाज्या आणि मध गोळा करता करता तिचा जन्म रानात गेला. यंदाच्या हिवाळ्यात सुप्रिया नावाची मुलगी कर्जतहून आली आणि पक्ष्यांचे आवाज टिपणारी यंत्रं झाडांना बांधायला तिने सोमीला सोबत घेतलं.

चालता चालता सोमी म्हणाली, "सुईवानी बारीक शीळ घालायचा एक पक्षी हुता. धा वर्सं झाली, रान सोडून गेला त्यो."

पंधरा दिवसांनी दोघी यंत्रं काढायला गेल्या. धुकं अजून झाडांतच होतं. सुप्रियाने टिपलेला आवाज वाढवून हेडफोन सोमीच्या कानांवर ठेवला. सोमी एकदम खाली बसली.

"ह्योच त्यो! कुटला गं ह्यो आवाज?"

"इथलाच, मावशी. रोज सकाळी असतो. आत्ताही वर ओरडतोय."

सोमीने हेडफोन काढला आणि मान वर करून बराच वेळ कान दिला. तिला काहीच ऐकू आलं नाही.

"मंजी त्यो हितंच हाय. माजेच कान म्हातारे झाले गं," म्हणत ती हसली, मग डोळे पुसले आणि हेडफोन पुन्हा कानांवर चढवला.

सुप्रियाही शेजारी बसली. ऊन बुंध्यापर्यंत उतरलं तरी दोघी उठल्या नाहीत. एक यंत्रातून आणि दुसरी झाडावरून, त्या एकच पक्षी ऐकत होत्या.