रोसाल्बाची बारावी फेरी

रोसाल्बा होहोआच्या लाल बॅगेइतका प्रवास आमच्या पास्तोत दुसऱ्या कुठल्याही बॅगेनं केला नसेल, आणि तो सगळाच्या सगळा एकाच गल्लीभोवती. वर्षाच्या शेवटच्या दिवशी रिकामी बॅग घेऊन गल्लीला वळसा घातला की पुढच्या वर्षी प्रवास घडतो, असं आमच्याकडे मानतात. बाकीचे लोक एखाद-दोन वर्षं फिरतात आणि विसरून जातात. रोसाल्बा अकरा वर्षं फिरली. बॅगेचं एक चाक झिजून वाकडं झालं, पण देशाची हद्द काही ओलांडली गेली नाही. हद्द तरी केवढी लांब? बसनं दोन तास!

एकदाच ती हद्दीपर्यंत पोहोचली होती, लग्नानंतर चार दिवसांत. नवरा वेन्सेस्लाओ तिला कीतो, शेजारच्या देशाची राजधानी, दाखवणार होता. पण हद्दीवरच्या पुलाच्या अलीकडे त्यानं भाजलेला कुई, म्हणजे आमच्याकडे चवीनं खातात तो गिनीपिग, एकट्यानं अख्खा खाल्ला, त्याचं पोट बिघडलं, आणि नवी जोडी परतीच्या बसमध्ये बसली. "पुढच्या वर्षी नक्की," तो कण्हत म्हणाला होता. यथावकाश लग्न मोडलं. फ्रिज दुरुस्तीचं दुकान आणि 'पुढचं वर्ष' त्याच्याकडे गेलं, दोन मुलं आणि बॅग हिच्याकडे राहिली.

रोसाल्बा शाळांचे गणवेश शिवते. यंदा ऑगस्टमध्ये एक स्कर्ट बेतता बेतता तिनं कात्री खाली ठेवली आणि जाहीर केलं, "ऑक्टोबरच्या सुट्टीत आपण कीतोला जायचं. चार दिवस."

"कीतो?" सोळा वर्षांची लिसेत किंचाळली. "आई, लोक मायामीला जातात!"

"मग लोकांच्या आयांबरोबर जा."

"मी तुमच्या दहा पावलं मागून चालणार," तेरा वर्षांचा एदेर म्हणाला. "कुणाला कळता कामा नये."

"चाल की. बॅग तूच ओढायचीस."

बेत आखला तो कापड बेतायच्या खाकी कागदावर, शिंप्याच्या खडूनं. पाच चर्च होती, घासाघीस होऊन एक उरलं. एदेरला पृथ्वीच्या मधल्या रेषेवर दोन्हीकडे एकेक पाय ठेवून उभं राहायचं होतं. लिसेतला तारेवरून डोंगरावर चढणाऱ्या पाळण्यात बसून फोटो काढायचे होते, आणि त्या फोटोंत आई नको होती. रोसाल्बानं सगळं मान्य केलं, आणि कसलेली शिंपीण असल्यामुळे प्रत्येक दिवसाच्या कडेला रुसव्याफुगव्यांसाठी दोन बोटं माया सोडली.

अडलं ते सहीपाशी. बापाची सही असल्याखेरीज अल्पवयीन मुलांना हद्दीपलीकडे सोडत नाहीत, आणि ती नोटरीसमोर उभं राहून करावी लागते. वेन्सेस्लाओ आधी म्हणाला बुधवारी. मग म्हणाला शुक्रवारी. रविवारी पहाटेची बस होती, आणि शनिवारी नोटरीची कचेरी बाराला बंद व्हायची.

शनिवारी दहा वाजता वेन्सेस्लाओ मैदानात चासा, म्हणजे फळीनं चेंडू टोलवायचा आमच्याकडचा खेळ, खेळत होता. रोसाल्बा थेट मैदानावर आखलेल्या रेषेपाशी जाऊन उभी राहिली.

"सही करतो गं," तो हातातली फळी फिरवत म्हणाला. "पण तू जाणार कुठं? गल्लीला वळसा घालायला? त्याला सही लागत नाही!"

सगळं मैदान खो खो हसलं. रोसाल्बा घरी गेली आणि लाल बॅग घेऊन परत आली.

"बारावी फेरी," तिनं मोठ्यानं सांगितलं, आणि खडखडाट करत मैदानाला वळसा घालू लागली. पण वळसा घालायचा तर चेंडू पडतो ती रेषा ओलांडावीच लागायची, आणि तेवढा वेळ खेळ अडायचा. पहिल्या वळशाला टाळ्या पडल्या. तिसऱ्या वळशाला चेंडू बॅगेवर आदळला. सहाव्या वळशाला पलीकडच्या संघातले म्हातारे ओरडू लागले, "अरे वेन्सेस, कर की सही! आम्हाला जेवायला घरी जायचंय!"

तेवढ्यात मुलं धावत आली. कुणीतरी चित्रफीत काढली होती आणि ती लिसेतच्या अख्ख्या वर्गात फिरली होती.

"आई, घरी चल ना! सगळे बघतायत."

"बघू देत. मी सतरा वर्षं वाट बघितली, त्यांना एक सकाळ बघू देत."

"ने बाई हिला घरी," वेन्सेस्लाओ लेकीला म्हणाला. "त्या कीतोत आहे तरी काय? आपलं पास्तोच, जरा मोठं."

लिसेत वळली. "बाबा, तुम्ही बघितलंय?"

वेन्सेस्लाओ फळीकडे बघत राहिला. त्या फळीवर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"आण इकडे ती बॅग," लिसेत आईवर खेकसली. "तुला ओढता येत नाही. डावीकडे पळतेय बघ." आणि लाजेनं लालबुंद झालेली ती मुलगी सगळ्यांच्या देखत सातवा वळसा घालू लागली, आईच्या शेजारून. एदेर ठरल्याप्रमाणे दहा पावलं मागं होता. पण रेषेपाशी आल्यावर तो तिथंच मांडी घालून बसला.

"मी बसतो इथं," तो म्हणाला. "बुधवारपर्यंत."

बाराला दहा कमी असताना वेन्सेस्लाओ घामानं निथळत, हातात फळी तशीच, नोटरीच्या टेबलापुढं उभा होता. दोन मुलं, दोन कागद, दोन सह्या. दुसरी करताना त्याचा हात जरा रेंगाळला.

"रोसाल्बा," तो हळूच म्हणाला, "पुढच्या वर्षी मीपण येऊ का तुमच्याबरोबर?"

रोसाल्बानं कागद उचलले, शाई वाळावी म्हणून फुंकर घातली आणि घडी करून पोलक्यात खोचले.

"ये की," ती म्हणाली. "डिसेंबरात बॅग घेऊन निघ. तुझी पहिलीच फेरी आहे."