लियाकतने वाचलेली चिठ्ठी

अबुधाबीजवळच्या मुसफ्फाच्या त्या यार्डात जपानहून जुनी यंत्रं यायची. फोर्कलिफ्ट, जनरेटर, कॉम्प्रेसर. कंटेनर उघडला की हाक जायची, "जपानीला बोलवा रे!" आणि स्टोअरमधून लियाकत बाहेर यायचा. हर्णैचा माणूस, जपान नकाशात पाहिलेला, तरी यार्डात सगळे त्याला जपानीच म्हणत. त्याला ते मनापासून आवडायचं.

त्र्याण्णव साली एक म्हातारा जपानी इंजिनिअर मशीन बसवायला पंधरा दिवस आला होता. खोक्यांवरची अक्षरं लियाकत टक लावून बघतो, हे पाहून त्याने पुठ्ठ्याच्या मागे शेहेचाळीस अक्षरं लिहून दिली. लियाकतने ती महिन्याभरात घोटून पाठ केली. एंजिन, बुरेकी, बारुबू. जरा जीभ वळवली की इंजिन, ब्रेक, व्हॉल्व्ह. त्याला हसूच आलं. एवढं सोपं?

इंजिनिअरने मोडक्या इंग्रजीत बजावलं होतं, की ही अक्षरं परक्या शब्दांसाठी. आमची बाकीची अक्षरं फार पूर्वी चीनमधून आलेली, ती हजारो आहेत, एकेका अक्षराला स्वतःचा अर्थ आहे. ही सोपी अक्षरंसुद्धा त्यांचेच तुकडे तोडून केलेली. ती मोठी अक्षरं शिकायला आमच्या मुलांनाही कितीतरी वर्षं लागतात, तू अंदाज करू नकोस.

लियाकतने मान डोलावली आणि अंदाज करू लागला. तपासलेल्या सुट्या भागांवर एक शिक्का असायचा, त्याचा अर्थ 'चांगलं', एवढं त्याला कळलं होतं. अशी पाच-सहा अक्षरं जमली आणि त्याला वाटलं, झालं. शुक्रवारी फोनवर बायको जुलेखा सांगायची, "सगल्या मोहल्ल्यात सांगितलंय मी, आमचे हे जपानी वाचतात." तो नुसता हसायचा. नाही म्हणायचा नाही.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये एक तीन टनी फोर्कलिफ्ट आली. स्टिअरिंगला पिवळी चिठ्ठी बांधलेली. मॅनेजर युसुफसाहेब हैदराबादचे, सदा घाईत. शारजाहचा ट्रक गेटवर उभा होता.

"क्या लिखा है, लियाकत?"

लियाकतने चिठ्ठी हातात घेतली. आधीची चार अक्षरं त्याच्या ओळखीची, ब्रेक. शेवटचं अक्षर तेच शिक्क्याचं, चांगलं. मध्ये एक लहानसं चिनी अक्षर होतं, वर आडवी रेघ आणि खाली पक्ष्याच्या पायासारखे फाटे. ते त्याला येत नव्हतं. भोवती आठ-दहा माणसं उभी होती. 'हे एक कळत नाही' एवढं म्हणायला किती वेळ लागला असता?

"ब्रेक ठीक है, साब. चेक किया हुआ है."

"खलास. मेकॅनिक को छोडो, माल चढाओ. यल्ला!"

फोर्कलिफ्टवर केरू बसला. पाटण तालुक्यातला, लियाकतच्याच खोलीतला, शांत ड्रायव्हर. सपाट जागेवर तीन फेऱ्या नीट झाल्या. चौथ्या फेरीला रॅम्पवरून उतरताना गाडी थांबलीच नाही. केरूने उडी टाकली, पण डावा पाय चाक आणि भिंत यांच्यामध्ये सापडला. त्याची किंकाळी लियाकतने स्टोअरमध्ये ऐकली.

गाडीचा पुढचा भाग चेपून गेला होता, त्यामुळे आधी काय बिघडलं होतं हे कुणाला सांगता येईना. रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं, ड्रायव्हर वेगात होता. केरू इस्पितळात पडल्या पडल्या सांगत राहिला, "ब्रेक लागलाच नाही ओ." कोण ऐकतंय! पाय बरा झाला की त्याचा व्हिसा कॅन्सल करून त्याला घरी पाठवायचं ठरलं.

लियाकतने चिठ्ठी टाकली नव्हती. खिशात ठेवली होती. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. ते मधलं अक्षर जेवताना, नमाजाला उभं राहताना त्याच्यासमोर यायचं.

तीन आठवड्यांनी ली नावाचा एक चिनी वेल्डर जनरेटरचे भाग घ्यायला आला. त्याने जपानी खोक्यावरून नुसती नजर फिरवली आणि म्हणाला, "धिस, वॉटर पंप." खोकं फोडलं. आत वॉटर पंप.

"यू रीड जॅपनीज?" लियाकतने विचारलं.

"नो, नो. जॅपनीज बोलता येत नाही. ही अक्षरं आमची." ली इंग्रजीत अडखळत म्हणाला. "ते कसं म्हणतात मला माहीत नाही. अर्थ कळतो."

लियाकत चमकला. मदरशात तो कुराण अरबीत घडाघडा वाचायचा, अर्थ कळत नसे, नुसता आवाज. हा माणूस बरोबर उलटा होता. आवाज नाही, नुसता अर्थ. त्याने खिशातली चिठ्ठी काढली.

पहिली चार अक्षरं त्या वेल्डरला येत नव्हती. "ब्रेक," लियाकतने सांगितलं. लीने पुढच्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

"नो गुड. ब्रेक, नो गुड." मग त्याने धुळीत ते लहान अक्षर काढलं. "धिस मीन्स नो. नॉट."

'नाही'. अक्षराचा अर्थच 'नाही' होता. ली पावती घेऊन गेला तरी लियाकत धुळीतल्या त्या रेघांकडे बघत उभा होता, आणि कुणी यायच्या आत त्याने पायाने त्या पुसून टाकल्या.

अकरा दिवस तो गप्प राहिला. बाराव्या दिवशी युसुफसाहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि सगळं सांगितलं. साहेबांनी चिठ्ठी बघितली, दार लावलं.

"किसको बोला?"

"किसी को नहीं."

"तो मत बोल. मेकॅनिक को रोका मैंने, पढा तूने. दोनों जाएंगे. केरू तो वैसे भी जा रहा है. फाड के फेंक दे."

बाहेर पडताना लियाकतच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. गेटपर्यंत पोचल्यावर त्याला कळलं, की आपल्याला बरं वाटतंय. आणि त्या बरं वाटण्याची त्याला इतकी लाज वाटली, की तो तिथेच पायरीवर बसला.

शुक्रवारी तो इस्पितळात गेला. केरूचा पाय घोट्याच्या खाली अर्धा काढलेला होता. लियाकत फळांची पिशवी हातात धरून उभाच राहिला आणि उभ्या उभ्या बोलला. चिठ्ठी, मधलं अक्षर, ली, अकरा दिवस, साहेबांचं बोलणं. काही गाळलं नाही.

केरूची शिवी येईल, तो थुंकेल, असं लियाकतला वाटलं. यावीच, असं वाटलं.

"म्हणजे मी वेगात नव्हतो?" केरूने विचारलं.

"नव्हतास."

"मलाच वाटाय लागलं होतं, लियाकतभाई. सगळे म्हणतात तर खरंच असंल. रोज पडल्या पडल्या आठवायचो, पाय ब्रेकवर होता का दुसरीकडंच." त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. "लिहून द्या. सही करून द्या. आन् आता जावा."

लियाकतने हेड ऑफिसात लिहून दिलं, चिठ्ठी जोडून. केरूच्या कागदावरचा दोष पुसला गेला आणि त्याला भरपाई मिळाली. पण तो परत कामावर आला नाही, गावी गेला. युसुफसाहेबांची बदली झाली. लियाकतला स्टोअरमधून काढून यार्डात माल उचलायला लावलं. तो तक्रार न करता उचलायला लागला. जुलेखाने विचारलं तेव्हा पाठदुखीचं कारण सांगून हलकी जागा मागितली असं खोटं सांगितलं, आणि मग पुढच्या शुक्रवारी रडत रडत खरं.

दोन हजार तीन साली लियाकत एक जनरेटर पोचवायला उम्म अल कुवैनला गेला. कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता केरू. पुन्हा आला होता, पुतण्याच्या ओळखीने. बुटात कापूस भरून चालत होता. त्याने लियाकतला खुर्ची दिली, सुलेमानी चहा मागवला, गावाकडच्या पोरीच्या लग्नाचं सांगितलं, हर्णैचं विचारलं. सारं अगदी नीट, माणसाने माणसाशी बोलावं तसं.

लियाकत हो-हो करत राहिला. कप संपेपर्यंत त्याला एकदाही खाली, त्या बुटाकडे, बघता आलं नाही.