जागा म्हणजे किती

ते अंबाजोगाईच्या आमच्या वसतिगृहात एकदाच आले. हैदराबादच्या कायदे कौन्सिलचे सभासद, एवढेच आम्हाला सांगितले होते. नाव विचारायचे धाडस झाले नाही. अंगात शेरवानी, बोटांना शाई. विद्यार्थ्यांच्या राहण्याविषयीचा कायदा ते लिहीत होते. आमच्या एका खोलीत नऊ जण होते. भिंतीच्या ओलीने माझा थोरला भाऊ महिनाभर खोकत होता.

त्यांनी उर्दू मसुदा मराठीत सांगितला, "हरेक विद्यार्थ्याला जागा द्यावी. ठीक आहे ना?"

दादा हसला. "जागा हाय की, साहेब! म्हणून तर मी रातभर जागा आसतो."

सोबत आलेल्या मुख्याध्यापकांनी डोळे वटारले. पाहुण्यांनी मात्र शेरवानीसकट दादाच्या सतरंजीवर अंग टाकले. त्यांचे पाय समोरच्या ट्रंकेला अडले. पडल्या पडल्याच त्यांनी मसुद्यातली ओळ खोडली.

"पाय पसरून निजण्याइतकी जागा, असं लिहितो," ते म्हणाले. "नुसतं जागा लिहिलं, तर लेकरांना उभंच करतील."

कायदा व्हायला दोन वर्षे गेली. मग खोलीत चौघांनाच ठेवू लागले. दादा त्याआधीच त्या खोकल्याने गेला होता. मी मात्र कितीतरी दिवस अंग चोरूनच निजत राहिलो, शेजारी त्याच्यापुरती जागा सोडून.