लांडग्यांची मेंढरं

सोलापुरात आम्ही भर मे महिन्यात बर्फात लढायचो. हे वाक्य मी कुठंही टाकलं की समोरचा माणूस खुर्ची पुढं ओढतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आम्ही म्हणजे पाच-सहा पोक्त माणसं. दर रविवारी एका डेंटिस्टच्या बंद दवाखान्यात जमायचं, मोठं टेबल मांडायचं आणि त्यावर अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या सैनिकांची युद्धं खेळायची. हे सैनिक खोक्यातून सुट्या भागांत येतात, राखाडी रंगाचे. हात, मुंडकी, भाले आपणच कापायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. मग टेपनं त्यांची चाल मोजायची आणि कोण मेलं ते फासे टाकून ठरवायचं. आमच्या घरची माणसं याला काय म्हणतात, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मे अखेरीला प्रत्येकानं आपली नवी फौज मांडायची. ज्याला जी आवडेल तिच्यापुढं त्यानं आपला फासा ठेवायचा. जिंकणाऱ्याला ना कप, ना हार. हक्क एकच: पुढचं वर्षभर लढाया कुठल्या भूमीवर होणार, ते तो ठरवणार. मी खेळायला लागल्यापासून दरवर्षी डेंटिस्टच जिंकत आला होता. त्याच्याकडं दातांची बारीक हत्यारं, कपाळावर भिंग, हात दगडासारखा स्थिर. आणि डोक्यात बर्फाचं वेड. बाहेर डांबर पाघळत असायचं आणि आत आमच्या फौजा खाण्याच्या सोड्याच्या बर्फात गुडघाभर रुतलेल्या. मला काळी माती हवी होती. बाभळी, ज्वारीची कापलेली ताटं, भेगाळलेला बांध. निदान एक वर्ष तरी आपल्या रानात लढायचं होतं.

"या वर्षी बर्फ उठवतो," मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

"उठवा की," डेंटिस्ट म्हणाला. "आधी तुमच्या सैनिकांचे दोन्ही डोळे एका दिशेला बघू द्यात."

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, कारण माझा एक सेनापती खरोखरच दोन्ही आघाड्यांवर एकदम नजर ठेवून होता.

मी महागातलं खोकं मागवलं. लांब झगे घातलेले भालेवाले आणि त्यांच्या सोबतीला लांडग्यांचा कळप. रंगाआधी त्यांच्यावर स्प्रेनं अस्तर मारायचं असतं आणि आमच्याकडं ते पहाटेच्या गारव्यातच उरकायचं असतं. पण उतावळेपणात मी भर दुपारी गच्चीवर गेलो. तिथं ऊन आणि गरम वारा. फवारा सैनिकापर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळला आणि रव्यासारखा दाणा दाणा होऊन बसला. बोट फिरवलं तर सगळी फौज खरखरीत.

शेजारच्या खाटेवर बायको कुरडया उलटत होती. ती नातेपुत्याकडची, माहेरी मेंढरांचा मोठा कळप.

"काय ओ, ह्यास्नी गोवर आलाय का?"

"मेलो मी," मी म्हणालो. "नवं खोकं आता रविवारपर्यंत येत नाही. आणखी एक वर्ष बर्फात."

तिनं एक भालेवाला उचलला, त्याच्या पाठीवर अंगठा घासला.

"झगा कशाला म्हणताय ह्याला? घोंगडं हाय की हे. आमच्या आप्पांच्या खांद्यावर असतंय तसलं, टोचणारं."

मी त्या सैनिकाकडं पाहिलं. सैनिकानं माझ्याकडं पाहिलं. आणि माझ्या डोक्यात तुतारी वाजली.

भाल्यांची पाती उडवली, काठ्या झाल्या. शिरस्त्राणं तासली आणि चादरीच्या मागावरचं उरलेलं सूत फेविकॉलात भिजवून डोक्याला गुंडाळलं, पटके झाले. ज्यांची तोंडं जास्तच खरबरीत होती, त्यांना दाढ्या दिल्या. अंगावर काळा रंग दिला. मग ब्रश राखाडी रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईतो पुसला आणि झग्यावरून हलकेच ओढला. गुळगुळीत झग्यावर हा ब्रश नुसता घसरतो. इथं एकेक दाणा उजळला आणि बघता बघता लोकर तयार. उरले लांडगे. त्यांच्याही अंगावर तोच दाणा. शेपट्या छाटल्या, जबडे आखूड केले, लाकडात भरतात त्या लांबीची, म्हणजे पुट्टीची, शिंगं लावली.

"असली उभी शिंगं बोकडाला," बायको खांद्यावरून म्हणाली. "मेंढ्याची कानाकडं वळत्यात."

"आता तू मला शिकवणार?"

"शिकवत न्हाय. तुमची लाज वाचवतीय."

शिंगं वळवली.

रविवारी डेंटिस्टनं चकचकीत चिलखतांचे सरदार मांडले. अप्रतिम होते, खोटं कशाला बोलू. मग मी खोक्याचं झाकण एखाद्या जादूगारासारखं उचललं. घोंगडी पांघरलेली फौज आणि पुढं सगळा कळप. डेंटिस्टनं भिंग खाली ओढलं, एक मेंढा चिमटीत धरला आणि बराच वेळ त्याची लोकर बघत राहिला.

"नियमांच्या पुस्तकात मेंढरं नाहीत," शेवटी तो म्हणाला.

"पुस्तकात हे लांडगेच आहेत. ताकद तीच, चावणं तेच. दिसायला तेवढी मेंढरं."

"म्हणजे मेंढरं माझ्या सरदारांना खाणार?"

"फासा पडला तर खाणार."

आमच्यातला भवानी पेठेतला सूतवाला वाकून पटके निरखत होता. "हे आमच्याच दुकानातलं सूत," तो खूश होऊन म्हणाला आणि त्यानं आपला फासा टक्कन माझ्यापुढं ठेवला.

"मग तुमचं मत बाद," डेंटिस्ट म्हणाला. "सरळ सरळ लाच आहे ही."

"गेल्या वर्षी माझी दाढ तुमच्या हातात होती, तेव्हा मत कुणाला दिलं ते विचारलं का कुणी?"

त्या हशातच उरलेले फासे पडू लागले. एक माझ्याकडं, एक तिकडं, मग पुन्हा माझ्याकडं. शेवटी डेंटिस्टनं मेंढा जागेवर ठेवला आणि कपाळाला आठ्या घालत स्वतःचा फासा माझ्या कळपापुढं सरकवला. त्याची गरज नव्हती, मी तोवर जिंकलेलो होतो. म्हणूनच तो मला सगळ्यांत गोड लागला.

पुढच्या रविवारी मी होटगीकडच्या रानातली माती चाळून टेबलावर पसरली. जुन्या ब्रशांचे केस कापून ज्वारीचा खुंट उभा केला, वाळक्या काटक्यांच्या बाभळी रोवल्या. डेंटिस्टनं गपगुमान आपले सरदार मांडले. प्रत्येकाच्या पायाखाली त्यानं फार कौशल्यानं बर्फ केलेला होता, घोड्यांच्या खुरांपर्यंत पांढराशुभ्र. काळ्या रानात ते बर्फाच्या लाद्यांवर उभे राहिल्यासारखे दिसत होते.

"वितळेपर्यंत थांबू का?" मी विचारलं.

"चाला हो," तो म्हणाला. हसू काही त्याला लपवता आलं नाही.

मी टेप लावला आणि मेंढरं सरदारांवर सोडली.