कव्हर आणि मेमरी

इब्राहिमभाईंचं जहाज तिसऱ्यांदा धक्क्यावर आदळलं. स्क्रीनवरच, पण त्यांच्या कपाळावर घाम होता.

"बघितलंत मॅडम? चित्र अडकतं. मी सुकाणू आणखी वळवतो. चित्र सुटतं तोवर जहाज गेलेलं. सगळे म्हणतात, मेमरी वाढवा. तर वाढवा!"

इब्राहिमभाई राजिवड्याचे. वीस वर्षं आखातात टगवर होते. टग म्हणजे मोठ्या जहाजाला ढकलून धक्क्याला लावणारी छोटी, ताकदवान बोट. आता त्यांना टग मास्टर, म्हणजे टगचा कप्तान, व्हायचं होतं. कंपनी मुंबईत सिम्युलेटरवर परीक्षा घ्यायची. पहिल्या वेळी स्क्रीनसमोर हात गोठले आणि नापास झाले. सोमवारी दुसरी संधी होती, आणि शेवटची. म्हणून त्यांनी माझ्याकडून कॉम्प्युटर असेंबल करून घेतला आणि जहाज चालवायचा गेम आणला. तो गेम नीट चालत नव्हता, आणि गुरुवार उजाडला होता.

"अडकणाऱ्या चित्रावर हाताला चुकीची सवय लागली तर?" त्यांनी विचारलं.

मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली. ओटा लहान असला की सारखं कोठीत पळावं लागतं. त्यांच्या मशीनमध्ये १२८ एमबी होती, गेमच्या खोक्यावर २५६ बरी असं छापलेलं. संशय घ्यायला जागा होती. कॉम्प्युटरचं कॅबिनेट घेऊन मी मिरजोळ्याच्या माझ्या वर्कशॉपमध्ये आले, आणखी १२८ ची पट्टी लावली. अर्धा तास गेम चालवला. कुठेही अडकला नाही.

"झालं काम," मी फोनवर सांगितलं. तेही छातीठोकपणे.

शनिवारी दुपारी कॅबिनेट परत नेऊन जोडलं. गेम पूर्वीच्या निम्म्या वेळात उघडला. इब्राहिमभाई खूश. त्यांच्या पत्नी खतिजाभाभींनी चहा आणला. दहा मिनिटं झाली. जहाज बंदराच्या तोंडाशी आलं, आणि चित्र अडकलं.

धाडकन आदळलं.

त्यांची मुंबईची गाडी रविवारी सकाळची होती.

"वर्कशॉपमध्ये चाललं होतं," मी म्हटलं.

"मग परीक्षा तुमच्या वर्कशॉपमध्येच ठेवू या का?" ते म्हणाले.

मी टेबलाखाली वाकले. हार्ड डिस्कचा लाल दिवा शांत होता. म्हणजे कोठीत पळापळ नव्हती. मेमरी कमी पडत नव्हती. पण कॅबिनेटच दिसेना. त्यावर जाड रेक्झिनचं कव्हर होतं, झालर लावलेलं, समोर स्विच आणि दिव्यापुरतं काज करून शिवलेलं.

"हे कधी घातलंत?"

"आत्ताच, चहा ठेवताना," भाभी म्हणाल्या. "नेहमी असतंच. त्या दिवशी तुम्ही येणार म्हणून काढलं होतं, पण गेम चालू करताना यांनीच परत घातलं, आणि मशीन न्यायच्या वेळी मी काढून ठेवलं. तुम्हीच सांगितलंत ना, खारी हवा मशीन खाते, झाकून ठेवा म्हणून?"

मीच सांगितलं होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. बंद असताना झाका, हे मात्र कधी सांगितलं नव्हतं.

कव्हर काढलं. मागच्या जाळीवर हात टेकवत नव्हता. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. तेच होत होतं. वर्कशॉपमध्ये कव्हर नव्हतं, आणि श्रेय मी मेमरीला देऊन मोकळी झाले होते.

आता खात्री हवी होती. मशीन गार होऊ दिलं, नवी पट्टी काढली, कव्हर न घालता गेम लावला. उघडायला जुन्यासारखाच वेळ लागला, पण एकदा सुरू झाल्यावर तासभर अडकला नाही. मग पट्टी परत लावली. इब्राहिमभाई दिवेलागणीपर्यंत जहाज लावत बसले. पहिल्या दोन खेपांना हात जास्तच वळला. नंतर जागेवर आला.

मंगळवारी त्यांचा फोन आला. "पास! आणि मॅडम, तिथल्या मशीनवर कव्हर नव्हतं. मी आधी तेच बघितलं."

मेमरीने गेम लवकर उघडतो. अडकायचं थांबेलच असं नाही. तेव्हापासून मी एका वेळी एकच गोष्ट बदलते, आणि घरी गेले की आधी टेबलाखाली बघते.